नाणेघाटातील राजघराण्याच्या तसबिरी

जुन्या वाड्यांच्या ओटीवर, तुळईच्या खाली, तसबिरींची एक रांग असे. काही घरी ती अजूनही आहे. मधोमध आजेसासरे पगडी घालून बसलेले, त्यांच्या बाजूला आजेसासूबाई, मग मामंजी, दीर, मुंज झालेली मुले, अशी ती रांग चालते. पाहुणा ओटीवर टेकला की पाणी येईपर्यंत त्याचे डोळे त्या रांगेवरून फिरतात आणि घर कोणाचे, कर्ता कोण, वंश कसा चालला, हे त्याला न विचारता कळते. आता भगिनींनो, एक प्रश्न विचारते. या रांगेत घरच्या सुनेच्या वडिलांची तसबीर कोणी पाहिली आहे काय? सुनेबरोबर माहेरची भांडी येतात, रुखवत येते. वडिलांची तसबीर आलीच तर ती तिच्या पेटीच्या तळाशी, लुगड्यांच्या घडीखाली असते. सासरच्या ओटीवर ती लागत नाही.

आपल्या जुन्नर तालुक्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती लागली होती. तसबिरी कागदावरच्या नव्हत्या, डोंगराच्या पाषाणात कोरलेल्या पुरुषभर उंचीच्या होत्या. घर साधेसुधे नव्हते, सातवाहनांचे राजघराणे होते. आणि ओटी म्हणावी तर ती नाणेघाटाच्या माथ्यावरची, जिथून कोकणातला सारा व्यापार देशावर चढत असे. त्या आठ जणांच्या रांगेत राजाच्या शेजारी राणी नागनिका होती, आणि त्याच रांगेत थोडे पुढे एक महारठी उभा होता. बहुतेक अभ्यासक त्याला नागनिकेचा पिता मानतात. आपल्याकडे नाणेघाट म्हटला की रांजणाची गोष्ट सांगतात आणि पावसाळ्यात वर उलटणाऱ्या पाण्याची मौज सांगतात. या तसबिरींविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम जागेविषयी. जुन्नरहून आपटाळे, चावंड करीत घाटघरला जावे, तिथून थोडे पुढे पठार संपते आणि सह्याद्रीची कड येते. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर आहे. आंबेगाव तालुक्यातून, म्हणजे घोडेगाव-मंचरकडून, येणाऱ्या भगिनींना आधी जुन्नर गाठावे लागेल. कड्याशी पोहोचल्यावर डाव्या हाताला जीवधन किल्ला आणि त्याच्या पुढचा वानरलिंगीचा सुळका दिसतो, आणि समोर दोन कड्यांच्या मध्ये एक अरुंद खिंड. हीच नाणेघाटाची नाळ. तीतून उतरणारी वाट खाली मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडे जाते. वाटेवर पायऱ्या खोदलेल्या आहेत, दगड बसविलेले आहेत, आणि पाण्याची टाकी ठिकठिकाणी आहेत. माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

एवढ्या अडचणीच्या वाटेला एवढे महत्त्व का आले, हे नकाशा पाहिला म्हणजे कळते. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे. वर जुन्नर, आणि जुन्नरच्या पुढे गोदावरीकाठी प्रतिष्ठान म्हणजे पैठण, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचे जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्यात कल्याण, सोपारा, पैठण आणि तगर म्हणजे तेर ही आपली गावे नावानिशी आली आहेत. कल्याणला उतरलेला माल पैठणला न्यावयाचा तर सह्याद्री चढणे भागच होते. आंबेगावकर भगिनींच्या ओळखीचा आहुप्याचा घाट किंवा भीमाशंकराजवळून कोकणात उतरणाऱ्या वाटा याच जातीच्या, पण राजमार्गाचा मान नाणेघाटाला मिळाला. वाटेच्या रक्षणासाठी पुढे जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे किल्लेच किल्ले उभे राहिले.

या वाटेने आलेल्या माणसांच्या खुणा आपल्या परिसरात पुष्कळ आहेत. नाणेघाटातच सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या गृहस्थाने पाण्याचे टाके खोदवून दिल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांनी दाने दिल्याचे लेख आहेत. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला अन्न, हा धर्म परदेशी माणसालाही इथे आल्यावर आपला वाटला. असो. सांगावयाचे ते एवढेच की, ही खिंड म्हणजे निर्जन रान नव्हते. बैलांचे तांडे, हमाल, सार्थवाह, भिक्षू, शिपाई यांची इथे रीघ असे, आणि ज्याला वर यावयाचे त्याला त्या गुहेपाशीच थांबावे लागे.

गुहा खिंडीच्या तोंडाशी आहे. दिसावयास ती साधी आहे. कार्ल्यासारखे खांब नाहीत, लेण्याद्रीसारखा चैत्य नाही. एक चौकोनी दालन आणि कडेने बसावयास दगडी ओटा. आत गेले की डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेला मोठा लेख आहे, प्रत्येक बाजूस दहा दहा ओळींचा. समोरच्या भिंतीवर त्या आठ मूर्ती होत्या. होत्या असेच म्हणावे लागते, कारण मूर्ती आज उरलेल्या नाहीत. दगडावर पुसट खुणा आहेत आणि वरच्या बाजूस, जिथे एकेकाची मस्तके असतील त्यांच्यावर, नावे कोरलेली आहेत. तसबिरीतला कागद वाळवीने खाल्ला आणि चौकटीखालची नावाची पट्टी तेवढी उरली, तसाच हा प्रकार झाला.

ती नावे रांगेने वाचू. पहिले नाव ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’, म्हणजे श्रीमान राजा सिमुक सातवाहन. हा या राजवंशाचा संस्थापक. त्यानंतर ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’, म्हणजे देवी नायनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची प्रतिमा. पुढे ‘कुमारो भाय’ एवढीच अक्षरे वाचता येतात, त्याला अभ्यासक भायल म्हणतात. त्याच्या पुढच्या मूर्तीवरचे नाव नष्ट झाले आहे. मग ‘महारठि त्रनकयिरो’. नंतर ‘कुमारो हकुसिरि’ आणि शेवटी ‘कुमारो सातवाहनो’. नायनिका, नागनिका ही एकाच नावाची रूपे आहेत. प्राकृतात मधला गकार गळून य होतो, हे आपल्या बोलण्यातही घडत असते. राजघराण्याची भाषा प्राकृत होती आणि आपली मराठी तिच्याच कुळातली, म्हणून हा लेख वाचताना मधूनच एखादा शब्द घरातला वाटतो. ‘गावो’ म्हणजे गाई, ‘हथी’ म्हणजे हत्ती, ‘दखिना’ म्हणजे दक्षिणा, ‘मातु’ म्हणजे आईचे. संस्कृत न शिकलेल्या बाईलाही यातले थोडे समजावे.

एक बारीक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. त्या दोघांची पट्टी एकच आहे आणि तिच्यावर राणीचे नाव आधी, राजाचे मागून आले आहे. सीताराम, राधाकृष्ण म्हणण्याची आपली रीत आहेच, परंतु राजाच्या दरबारी लेखात असे क्वचितच होते. यावरून फार मोठा सिद्धांत मांडावा असे मी म्हणत नाही. पण ज्याने किंवा जिने ही पट्टी कोरवून घेतली, त्याला हा क्रम खटकला नाही, एवढे खरे.

ही अक्षरे शतकानुशतके कोणाला वाचता येत नव्हती. १८२८ साली कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इकडे फिरत असता त्याच्या नजरेस गुहा आणि लेख पडले. घाटघरच्या माणसांना गुहा ठाऊक होतीच. साइक्सने ती विद्वानांना ठाऊक करून दिली, असे म्हणणे अधिक बरोबर. पुढच्या दशकात कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि नाणेघाटाच्या लेखाला कंठ फुटला. मात्र खरी मेहनत केली ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. जुनागढला १८३९ मध्ये जन्मलेला हा विद्वान मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या पदरी राहून शिकला आणि लेण्यालेण्यांतून हिंडून त्याने हातांनी ठसे घेतले. नाणेघाटच्या भिंतीवर आठ मूर्ती होत्या हे त्यांनीच नीट तपासून मांडले. मोठा लेख १८८३ मध्ये बुल्हर या जर्मन पंडिताने भाषांतरासह प्रसिद्ध केला. आपल्याकडे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांचा मराठीत सविस्तर विचार केला आहे. लेखाच्या काळाविषयी मतभेद आहेत. कोणी इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक म्हणतात, कोणी पहिले. आपण दोन हजार वर्षे धरली तर कोणाचा राग नसावा.

राजघराण्याच्या प्रतिमा अशा एका घरात मांडण्याची चाल मात्र आपल्या देशात अपरिचित नव्हती. भासाचे ‘प्रतिमानाटक’ या चालीवरच उभे आहे. भरत आजोळाहून अयोध्येस परतत असतो. मुहूर्तासाठी नगराबाहेर थांबला असता एका देवकुलासारख्या घरात शिरतो. तिथे चार प्रतिमा असतात. पुजारी एकेकाची ओळख सांगतो, दिलीप, रघू, अज. आणि चौथ्या प्रतिमेपाशी भरताचे पाऊल अडते, कारण ती दशरथाची असते. तो विचारतो, जिवंत राजांच्याही प्रतिमा इथे ठेवतात काय? उत्तर येते, नाही, केवळ दिवंगतांच्या. बापाच्या मृत्यूची वार्ता मुलाला अशी तसबिरीवरून कळते. भासाची नाटके शतकानुशतके हरवली होती, त्रिवेंद्रमच्या टी. गणपतिशास्त्री यांनी ती १९१२ पासून छापून काढली. त्याच सुमारास मथुरेजवळ माट गावी कुशाण राजांचे देवकुल उकरून निघाले, त्यात कनिष्काची मस्तक नसलेली प्रसिद्ध मूर्ती सापडली. नाणेघाटची गुहा ही या दोहोंची थोरली बहीण. मात्र भासाचा नियम इथे लागू केला तर ही आठही माणसे मूर्ती कोरल्या तेव्हा हयात नव्हती असे होईल, आणि ते सर्वांना मान्य नाही. कुमारांच्या मूर्ती त्यांच्या बालपणीच्या किंवा तरुणपणीच्या असून आईने आपल्या हयातीत बसविल्या, असे मानणारेही आहेत, आणि मला ते अधिक पटते.

परदेशातही ही चाल आहे. इटलीत तुरिन शहराजवळ व्हेनारिया येथे सॅव्हॉय घराण्याचा जुना शिकारवाडा आहे. तो दुसरा कार्लो इमान्युएले या ड्यूकने सतराव्या शतकात बांधविला. तिथल्या मुख्य दालनात ड्यूक आणि त्याच्या परिवारातले स्त्रीपुरुष घोड्यावर बसलेले मोठमोठ्या चित्रांत दाखविले आहेत. शिकारीस आलेल्या पाहुण्यांनी मान वर केली की घराण्याचा सारा बोज डोळ्यांत भरावा, हा हेतू. आणि गंमत पाहा, १६७५ मध्ये ड्यूक वारला तेव्हा मुलगा अवघा नऊ वर्षांचा होता, म्हणून त्याची विधवा मारिया जोव्हान्ना हिने काही वर्षे राज्याचा कारभार पाहिला. तोच मुलगा मोठेपणी राजा झाला आणि त्याने १७२९ मध्ये स्तुपिनिजी येथे दुसरा शिकारवाडा बांधावयास घेतला. फरक एवढाच की त्या चित्रांपुढे निमंत्रित सरदार उभे राहत, आणि नाणेघाटच्या मूर्तींपुढे घामाघूम झालेला बैलवाला आणि डोक्यावर ओझे घेतलेली मजुरीण. राजघराण्याने आपली तसबीर महालात न लावता जकातीच्या नाक्यावर लावली, यात मोठे शहाणपण होते. पैठण ज्याला आयुष्यात दिसणार नव्हते, त्यालाही राजा दिसला, आणि राणीही दिसली.

आता त्या राणीकडे वळू. बाजूच्या भिंतींवरचा लेख तिचा आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्रसूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार दिक्पाल यांना वंदन आहे. पुढे लेखात एका स्त्रीचे वर्णन येते. ती महारठीची, अंगिय कुळाची वृद्धी करणाऱ्याची, मुलगी. ज्याच्या सत्तेचे चक्र कोणी अडवू शकत नाही अशा दक्षिणापथपतीची भार्या. वेदिसिरीची आणि सतिसिरीमताची माता. आणि ती स्वतः कशी? महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रते आणि यज्ञ यांत निपुण. दैव असे की लेखाचा नेमका तो भाग तुटला आहे जिथे तिचे नाव असावे. नागनिका हे नाव आपल्याला कळते ते केवळ मूर्तीवरच्या पट्टीमुळे. मूर्ती गेली, लेखातले नाव गेले. पट्टी राहिली म्हणून नाव राहिले.

ब्रह्मचर्य आणि उपवास यांच्या उल्लेखावरून ती लेखाच्या वेळी विधवा होती, हे बुल्हरपासून पुष्कळांचे मत आहे. सातकर्णी वारला तेव्हा वेदिसिरी लहान होता आणि त्याच्या नावाने तिने राज्य चालविले, असा त्यांचा तर्क. हे सर्व ध्यानात ठेवले म्हणजे त्या विशेषणांचा अर्थ निराळाच लागतो. उपवास करणारी, घरात तपश्चर्या करणारी, ही आपल्या ओळखीची विधवा आहे. परंतु ही विधवा माजघराच्या अंधारात बसलेली नाही. तिने आपल्या उपवासांची नोंद हमरस्त्यावर, जकातीच्या नाक्यावर, राजमुद्रेसारखी कोरविली. सुमारे दीडदोनशे वर्षांनी याच घराण्यातली दुसरी एक बाई, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, नाशिकच्या लेण्यात नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, एकोणिसाव्या वर्षी लेख कोरविते. तीही आपल्याला सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी आणि तप, दम, नियम पाळणारी म्हणविते. दोघींची बोलण्याची धाटणी एकच आहे. मुलाच्या किंवा नातवाच्या कारकिर्दीत आपली जागा सांभाळावयाची तर व्रतस्थ आईच्या अधिकाराने सांभाळावी, ही त्या काळची रीत दिसते. आपल्याकडे अशा आयांची उणीव पुढेही पडली नाही. शिवनेरी काही दूर नाही.

मग यज्ञांची यादी येते. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गर्गत्रिरात्र, गवामयन, आप्तोर्याम आणि इतर अनेक. प्रत्येकाच्या पुढे दक्षिणा लिहिली आहे आणि ती वाचताना घरखर्चाच्या वहीची आठवण होते, फक्त आकडे राजघराण्याचे. एके ठिकाणी बारा गाई आणि एक घोडा. दुसरीकडे १,७०० गाई आणि १० हत्ती. आणखी एका यज्ञात ११,००० गाई आणि १,००० घोडे. कुठे उत्तम गाव दान दिलेले, कुठे चांदीचे कुंभ, कुठे २४,४०० कार्षापण नाणी. हे आकडे अंकचिन्हांत कोरले आहेत, आणि त्यामुळे गणिताच्या इतिहासकारांना नाणेघाट फार मोलाचा वाटतो. त्या अंकांत शून्य नाही. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी, आणि चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडावयाची.

हे यज्ञ कोणी केले, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. पत्नीला एकटीने यज्ञाचा अधिकार नाही असे शास्त्र, आणि लेखात तर यज्ञांचे श्रेय राणीच्या वर्णनाला लागून आलेले. काहींनी सातकर्णीने यज्ञ केले, राणी सहधर्मचारिणी म्हणून बसली, असे म्हणून प्रश्न सोडविला. ते बरोबर असावे, अश्वमेध राजाचाच. परंतु हिशेब कोणी ठेवला आणि दगडावर कोणी लिहविला, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर लेखाच्या भिंतीवर आहे. कार्य दोघांनी करावे आणि वही बायकोने ठेवावी, ही गोष्ट आमच्या मंडळातल्या बहुतेकींना नवीन वाटू नये.

आता पुन्हा तसबिरींच्या रांगेकडे यावयाचे. सिमुक, नागनिका, सातकर्णी, कुमार, आणि त्यांच्यात महारठी त्रनकयिरो. महारठी ही त्या काळची मोठ्या सरदाराची पदवी होती. कार्ल्याच्या, भाज्याच्या, कान्हेरीच्या लेण्यांतही महारठी आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांची दाने आहेत. देशावरचे डोंगर, घाट आणि गावे या लोकांच्या हातात होती. सातवाहनांना राज्य करावयाचे तर यांच्याशी सोयरीक करणे भाग होते, आणि नागनिकेचे लग्न हा त्या सोयरिकीचा भाग असावा. म्हणून त्रनकयिरोची मूर्ती रांगेत आली त्याचे कारण नुसते मुलीचे प्रेम नव्हे, हे मान्य केले पाहिजे. घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाला, आणि विशेषतः इतर महारठींना, कळावयास हवे होते की या राजघराण्याच्या पाठीशी कोण उभे आहे. लहान मुलाला गादीवर बसवून राज्य चालविणाऱ्या बाईला आपल्या बापाच्या तलवारीची आठवण लोकांना करून देणे सोयीचेही होते.

पण मग हेही पाहावे की, त्या रांगेत कोण नाही. पुराणांत सातवाहन राजांची जी यादी आहे तिच्यात सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण राजा झाला आणि त्याच्यानंतर सातकर्णी. कृष्ण हा काल्पनिक राजा नाही. नाशिकच्या लेण्यात त्याच्या कारकिर्दीतला लेख आहे, तिथे त्याला कन्ह म्हटले आहे. असा गादीवर बसलेला राजा नाणेघाटच्या नावांत आढळत नाही, आणि गादीवर कधीही न बसलेला सुनेचा बाप आढळतो. तेव्हा ही राजांची वंशावळ नाही. कोणीतरी विचार करून निवडलेली घरातली माणसे आहेत, आणि निवडणाऱ्याची नजर सासरइतकीच माहेरावरही होती. ते निवडणारे कोण, हे शिलालेखात लिहिलेले नाही. पण सासरची कोणती तसबीर लावावयाची आणि कोणती नाही हे ठरविण्याची सत्ता एखाद्या सुनेच्या हाती आली तर ती रांग कशी दिसेल, याचा विचार ज्याने त्याने, किंवा जिने तिने, करावा.

मूर्ती कशा नष्ट झाल्या याविषयी इथे काही लिहीत नाही. साइक्स, भगवानलाल यांच्या नंतरही दगड झिजतच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस, भिंतीतून झिरपणारे पाणी आणि शेवाळे आपले काम करतात. त्यात माणसांची भर नको. गुहा संरक्षित स्मारक आहे, तरी शनिवार-रविवारी, विशेषतः श्रावणात, सहलीची इतकी गर्दी लोटते की ओट्यावर बसून भजी खाणाऱ्याला आपण कोणाच्या पायांशी बसलो आहोत याची कल्पना नसते. तीक्ष्ण दगडाने आपले आणि आपल्या प्रिय व्यक्तीचे नाव भिंतीवर ओढणारे महाभागही असतात. त्यांची नावे कोणी वाचणार नाही, आणि त्यांच्याखालची राणीची अक्षरे मात्र जातील. भिंतीला हात लावू नये, अक्षरांत खडू किंवा कुंकू भरून छायाचित्र काढू नये, हे आपण आपल्या मुलांना आणि सहलीला नेणाऱ्या शिक्षकांना सांगू शकतो. ज्या भगिनींना जावयाचे असेल त्यांनी दिवाळीनंतर जावे. हवा कोरडी असते, वाट निसरडी नसते, भिंती ओलसर नसतात आणि गर्दीही कमी. समोरच्या भिंतीपाशी उभे राहून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. अक्षरे हळूहळू दिसू लागतात.

दिसू लागली म्हणजे पाचव्या जागेपाशी थोडे थांबावे. भायलाच्या पुढे आणि महारठीच्या आधी ती जागा आहे. तिथले नाव एकाही अक्षरासह उरलेले नाही. मोठ्या लेखात नागनिकेला ज्याची आई म्हटले आहे तो वेदिसिरी, ज्याच्यासाठी तिने राज्य सांभाळले असे मानतात, त्याचे नाव उरलेल्या पट्ट्यांत कुठेही नाही. हकुसिरी म्हणजेच सतिसिरी असावा असा बुल्हरचा तर्क आहे, म्हणजे धाकट्याची पट्टी सापडली असे म्हणता येते. थोरल्याची पट्टी राहिलेली नाही. आजोबांच्या शेजारची ती मोकळी जागा वेदिसिरीची असावी, असे मला वाटते.